अण्णा, तुमच्या कादंबरीत कारकूनच नाही

पत्र (थोडं कमी करून):

‘मी सोलापूरचा, वय ६९. घरात तेलुगू, शाळा मराठी. ३१ वर्षं एका फौजदारी वकिलांकडे कारकून होतो. साहेबांबरोबर बाहेरच्या जिल्ह्यांतही जायचो. अशील तेलुगू असला की चेंबरमध्ये दुभाषाचं कामही माझंच. अशाच एका खुनाच्या खटल्यात आरोपीची शेजारीण सरकारतर्फे साक्षीला आली. रात्री तो तिच्या दारात येऊन काय म्हणाला, ते तिने तेलुगूत सांगितलं, “नेनु वाण्णि कोट्टानु.” कोर्टाने उभ्या केलेल्या दुभाषाने मराठी केलं, “मी त्याला मारलं.” तेच टाइप झालं. कोट्टानु म्हणजे हाणलं, ठोकलं. जीव घेतला असं सांगायचं असतं तर “चंपानु” आलं असतं. मी मागच्या बाकावर होतो. मला कळलं. मी बोललो नाही. माणसाला जन्मठेप झाली. सहा वर्षांनी हायकोर्टात सुटला. बाईचा जबाब पोलिसांनी बारा दिवसांनी घेतला, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही, असं निकालात आलं. साहेब आता नाहीत. रिटायर झाल्यावर वाचनालयातून अमेरिकन कोर्ट-कादंबऱ्यांची भाषांतरं आणून वाचली आणि वाटलं, आपणही लिहावं. शंभर पानं झाली. त्यात एक तरुण वकील भर कोर्टात उठून तो शब्द पकडतो आणि पूर्ण निरपराध माणूस सुटतो. मुलगा म्हणतो, छान आहे, पण सिनेमा वाटतो. आणि मला रात्री वाटतं, आपण अशिलाचं गुपित विकतोय. लिहू का?’

– एक निवृत्त कारकून

अण्णा, नमस्कार.

अण्णा म्हटलेलं चालेल ना? मी अकरा वर्षं काळा कोट घातला. त्या काळात निम्मी वकिली मला तुमच्यासारख्या कारकुनांनीच शिकवली. कुठल्या अर्जाला किती रुपयांचं तिकीट, कुठल्या कोर्टात आधी शिरस्तेदाराला भेटायचं, आणि साहेब उलटतपासणीत वाहवत चालले की मागून हळूच कोट कसा ओढायचा. तो कोट ओढणं लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे.

खटला कुठे चालला, कुठल्या साली, साहेब कोण, हे सगळं तुम्ही पत्रात लिहिलंत. मी ते गाळलं आहे. कादंबरीतही तेच करायचं आहे. सोबत पाठवलेली शंभर पानंही मी वाचली.

आधी मुलाचं. पोरगा बरोबर बोलतोय. ३१ वर्षांत एखादा वकील ताडकन उठला, सगळं कोर्ट स्तब्ध झालं आणि खटला तिथल्या तिथे फिरला, असं तुम्ही किती वेळा पाहिलंत? मी एकदाही नाही. तुम्ही वाचलेल्या पुस्तकांत शेवटचं भाषण असतं, कारण तिथे समोर बारा साधी माणसं बसलेली असतात आणि वकिलाला त्यांचं मन वळवायचं असतं. आपल्याकडेही ज्यूरी होती. १९५९ साली नानावटी या नौदल अधिकाऱ्यावरच्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा ‘दोषी नाही’ कौल दिला. न्यायाधीशांना तो पटला नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तिथे जन्मठेप झाली. पुढे ज्यूरी हळूहळू गेलीच. १९७३ च्या फौजदारी संहितेत तिला जागा उरली नाही. तेव्हा तुमच्या तरुण वकिलाचं ते दोन पानी भाषण ऐकायला आपल्या कोर्टात कोणी बसलेलंच नाही, अण्णा. न्यायाधीशांच्या समोर बोर्डावर अजून चाळीस प्रकरणं आहेत.

आपल्या कोर्टातलं नाट्य टाइप करणाऱ्याच्या बोटांत असतं. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते एका वाक्यात बांधून सांगतात, ते टाइप होतं. बोललेलं हवेत जातं आणि टाइप झालेलं उरतं. शेवटी ओळ येते, ‘वाचून दाखवले, बरोबर आहे.’ साक्ष परक्या भाषेत नोंदली असेल तर साक्षीदाराला कळेल अशा भाषेत ती समजावून सांगायची, असं कायद्यातच आहे. पण पाच वाजत आलेले असतात. बाईला घरी जायचं असतं. मराठीत काहीतरी भरभर वाचलं गेलं, ती ‘हो’ म्हणाली. तुमच्या कादंबरीचा सगळ्यात भीतिदायक क्षण तो ‘हो’ आहे, आणि तुमच्या शंभर पानांत तो तीन ओळींत उरकलाय.

आता त्या शब्दाकडे बघा. आपण म्हणतो, पोराला मारलं. आपण म्हणतो, डास मारला. पोरगं अंगणात खेळतंय आणि डास मेलाय. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण बोलताना डोळ्यांसमोर पोरगं असतं, डास असतो. कागदाला डोळे नसतात. आणि खुनाच्या फाइलीत ‘मारले’ हा शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आधीच एक प्रेत असतं. पुढे अपिलासाठी त्याच साक्षीचं इंग्रजी होतं, तेव्हा तर भाषांतर करणाऱ्याला दोनांपैकी एक अर्थ निवडावाच लागतो. तुमच्या प्रकरणात त्याने काय निवडलं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. कागद मिळत असेल तर जरूर बघा. तेलुगूत हाणामारी, मराठीत धूसर, इंग्रजीत कदाचित सरळ ‘किल्ड’. कोणी खोटं बोललं नाही, कोणी लाच घेतली नाही, आणि एक माणूस जन्मठेपेला गेला.

हे अमेरिकेतल्या कुणालाही सुचणार नाही. पूर्व भागातल्या गल्लीत वाढलेल्या, घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि पानटपरीवर तिसरी बोलणाऱ्या सोलापूरकरालाच सुचेल. आणि तुम्ही हे घबाड उचलून एका देखण्या तरुण वकिलाच्या खिशात घातलंत! त्याला तेलुगू कुठून येतं, याचं कारण द्यायला तुम्ही त्याची आजी वरंगळची केलीत. कशाला? तेलुगू येणारा माणूस त्या खोलीत होता की. मागच्या बाकावर, मांडीवर फायली घेऊन.

पत्राच्या गाळलेल्या भागात तुम्ही विचारलंय, त्या परदेशी वकील-लेखकांनी स्वतःचे खटले कादंबरीत कसे आणले. खरं तर फार थोड्यांनी जसेच्या तसे आणले. जॉन ग्रिशमचं पहिलं पुस्तक ज्या साक्षीतून सुचलं, त्या खटल्यात तो वकील नव्हताच. मिसिसिपीतल्या कोर्टात तो नुसता ऐकायला बसला होता. अत्याचार झालेली एक लहान मुलगी साक्ष देत होती. ती साक्ष त्याच्या डोक्यातून जाईना. हिच्या बापाने बंदूक उचलली असती तर, हा प्रश्न घेऊन तो पहाटे पाचला उठून तीन वर्षं लिहीत राहिला. १९८९ साली पुस्तक निघालं, पाच हजार प्रतींचं. म्हणजे त्याचा अनुभव तुमच्यासारखाच, बाकावर बसलेल्या माणसाचा होता.

स्कॉट टुरो शिकागोत सरकारी वकील होता. कामावर जाता-येता लोकलमध्ये लिहायचा. १९८७ साली आलेल्या त्याच्या कादंबरीत त्याने काय केलं बघा, सरकारी वकिलालाच खुनाच्या आरोपात पिंजऱ्यात उभं केलं. रोज ज्या जागेकडे बोट दाखवतो त्या जागी स्वतःसारखाच माणूस बसवला. मला हे फार धाडसाचं वाटतं. त्यात त्याने स्वतःची कुठलीही केस सांगितलेली नाही, पण स्वतःची भीती मात्र पुरती सांगितली आहे.

तुमच्या पद्धतीच्या सगळ्यात जवळ जाणारा माणूस म्हणजे मिशिगनचा जॉन व्होल्कर. १९५२ साली त्याने एका खुनाच्या आरोपीचा बचाव केला आणि त्याला सोडवलं. त्यावरून त्याने कादंबरी लिहिली, ती १९५८ साली रॉबर्ट ट्रॅव्हर या टोपणनावाने निघाली. तोवर तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला होता. पुस्तक तुफान खपलं, सिनेमा निघाला, आणि मग मेलेल्या माणसाची बायको आणि मुलगी बदनामीचा दावा घेऊन कोर्टात उभ्या राहिल्या. दावा फेटाळला गेला. पण विचार करा, नवरा गेला, मारणारा सुटला, आणि सुटका करणाऱ्याने त्यावर पुस्तक लिहिलं. व्होल्करची कादंबरी मला आवडते. त्या मायलेकींचा विचार आला की ती थोडी कमी आवडते.

आता ‘पूर्ण निरपराध’ या तुमच्या शब्दांबद्दल. अण्णा, तो पूर्ण निरपराध नव्हता. त्याने हाणलं होतं. तुमचा सगळा मुद्दा ज्या शब्दावर उभा आहे, तोच शब्द हे सांगतो. त्या रात्री काय झालं, एका फटक्याने माणूस गेला की नंतर आणखी कुणी आलं, हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. कायद्याच्या भाषेत दुखापत आणि खून यांच्यात आयुष्यभराचं अंतर आहे, पण हात उचलला गेला तो गेलाच. तुम्ही त्याचे हात स्वच्छ धुऊन टाकलेत, म्हणून तो पुठ्ठ्याचा झालाय. त्याचे हात मळलेलेच राहू द्या. वाचकाला त्याच्यासाठी जीव टाकायला लावायचं असेल तर तो निष्पाप असायची गरज नाही. त्याने जे केलं तेवढ्याचीच शिक्षा त्याला व्हावी, एवढंच वाटायला लागलं तरी पुरे.

अर्ल स्टॅन्ली गार्डनर हाही मुळात वकीलच. १९३३ पासून त्याने जो वकील-नायक चालवला, त्याचा अशील जवळजवळ नेहमी निर्दोषच निघायचा. १९४८ साली तोच गार्डनर एका मासिकातून, तुरुंगात खितपत पडलेल्या खऱ्या माणसांची प्रकरणं उकरायला लागला. कागदावरच्या निरपराधांनी त्याचं पोट भरलं, मन भरलं नसावं. ग्रिशमनेही २००६ साली कादंबरी बाजूला ठेवून ओक्लाहोमातल्या एका खऱ्या माणसावर पुस्तक लिहिलं. १९८८ साली त्याला खुनासाठी दोषी ठरवून फाशी सुनावली होती, १९९९ मध्ये डीएनए चाचणीने सोडवलं.

लांब कशाला, आपल्याच राज्यातलं बघा. जालना जिल्ह्यातला २००३ सालचा गुन्हा. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराने गुन्ह्यानंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, ही गोष्ट तोवर दबून राहिली होती. सोळा वर्षं! तिथे एक फोटोंचा आल्बम होता, तुमच्याकडे एक क्रियापद आहे.

आणि सुटल्यावर काय होतं, हे तुम्ही गल्लीत पाहिलं असेल. आपल्याकडे ‘तो निर्दोष होता’ असं कोणी म्हणत नाही, ‘सुटून आला’ म्हणतात. त्यात ‘कसा काय सुटला’ हे न विचारता विचारलेलं असतं. उलटही होतं म्हणा. १९३० साली, स्वातंत्र्याच्या आंदोलनात, सोलापुरात मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर दोन पोलीस मारले गेले, शहरात मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. निकालाचा कागद त्यांना खुनी म्हणतो. सोलापूरने तो कागद कधीच मानला नाही, चौकात पुतळे उभे केले. तुमच्या माणसाच्या गल्लीने मात्र त्याच्या सुटकेचा कागदही मानला नाही.

आता तुमची रात्रीची भीती. ती खोटी नाही. वकिलाला अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर सांगता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेच बंधन वकिलाच्या कारकुनावर आणि दुभाषावरही आहे. तुम्ही दोन्ही होतात, म्हणजे दुहेरी बांधलेले. १ जुलै २०२४ पासून साक्षीचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्याच्या कलम १३२ मध्येही हे आहे. काम संपलं, तुम्ही रिटायर झालात, साहेब गेले, तरी ते सुटत नाही. अशिलाने स्पष्ट परवानगी दिली तरच सुटतं. म्हणून चेंबरमध्ये तो तुमच्याशी जे तेलुगूत बोलला, ते सगळं काढा. तुमच्या चौथ्या प्रकरणात तो रडत रडत रात्रीची हकीकत सांगतो. खरी असो, रंगवलेली असो, ते प्रकरण जाऊ द्या. वाईट वाटेल, ते चांगलं जमलंय.

पण ‘कोट्टानु’ हा शब्द गुपित नाही. तो तुम्हाला अशिलाने सांगितलेला नाही. तो उघड्या कोर्टात, पट्टेवाला, पोलीस, पुढच्या तारखेची माणसं, सगळ्यांच्या देखत उच्चारला गेला. आणि तुम्ही गप्प बसलात, हेही अशिलाचं गुपित नाही. ते तुमचं आहे. ते लिहायला कायद्याची आडकाठी नाही.

मग हेच लिहा. कोट हाताच्या अंतरावर होता. साहेबांचं लक्ष दुसऱ्या कोर्टातल्या पुकाऱ्याकडे होतं, असं तुम्ही म्हणता. मधल्या सुट्टीत सांगू, असं तुम्हाला वाटलं, मधल्या सुट्टीत साहेब जेवले नाहीत, चिडलेले होते, मग बाईची साक्ष संपली, मग तुम्हाला वाटलं साहेबांनाही कळलंच असेल. पत्रातला हा सगळा भाग तुम्ही कंसात लिहिलाय. मी तो दोनदा वाचला. माझं जेवण गार झालं. तुमच्या शंभर पानांवर माझं असं काही झालं नाही. तरुण वकिलाला हाकला. गोष्ट कारकुनाच्या तोंडून येऊ द्या, आणि त्याने कोट ओढला असता तर सगळं बदललं असतं असं त्याला ठामपणे म्हणू देऊ नका. बदललं असतं की नाही, कोणाला माहीत?

कायद्याचं अजून थोडं, भरभर. बदनामीच्या कलमात ‘खरं आहे’ एवढं उत्तर पुरत नाही, ते लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. मेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते, घरच्यांची मनं दुखावण्यासाठी केली असेल तर. म्हणजे साहेबांची मुलं. पुस्तकाच्या सुरुवातीला ‘पात्रे काल्पनिक’ छापल्याने कोणी बचावत नाही. गाव बदला, साल बदला, धंदा बदला, मेलेल्याचं आरोपीशी नातं बदला, साहेबांच्या सवयी तर नक्की बदला. (ती चुना मळत युक्तिवाद करण्याची लकब मी लगेच ओळखली, आणि ओळखणारी मी एकटी नसणार.) वरवरचं जितकं बदलाल तितका तो एक शब्द बिनधास्त ठेवता येईल.

आणि त्या माणसाला भेटा. तो अजून एका टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे तुम्हाला त्याचा पत्ता इतकी वर्षं ठाऊक आहे. दिवसा जा, त्याची झोप झाल्यावर. वही नेऊ नका, हस्तलिखित तर मुळीच नको. तेलुगूत बोला. त्या दिवशी तुम्हाला काय ऐकू आलं आणि तुम्ही काय केलं नाहीत, ते आधी सांगा. पुस्तकाचं नंतर काढा, जमलं तर दुसऱ्या भेटीत. तो नको म्हणाला तर थांबा आणि मला कळवा, तेव्हा वेगळं बोलू.

एक राहिलं. त्या सबंध खटल्यात खरं बोललेली माणसं मोजा. मला एकच सापडते, ती शेजारीण. तिने जे ऐकलं तेच सांगितलं, अक्षरशः. खालच्या कोर्टाने तिच्या शब्दावर, तिच्या नसलेल्या अर्थाने, माणसाला जन्मठेप दिली. वरच्या कोर्टाने त्याला सोडताना तिला अविश्वसनीय ठरवलं. शेजारच्या माणसाला तिने तुरुंगात घातलं असं गल्ली म्हणाली असेल आणि ती खोटी होती असं निकाल म्हणाला. तुमच्या शंभर पानांत ती ‘एक बिडी वळणारी बाई’ म्हणून येते, साक्ष देते आणि जाते. तुमच्या पत्रात तर तिचं पुढे काहीच नाही.

तिचं काय झालं, अण्णा? ती कुठे आहे?